पेटीतली हवा, बांधीतलं पाणी

आयुष्यभर काय केलंत, असं कुणी विचारलं की मी सांगतो, हवा भरली. समोरचा म्हणतो, म्हणजे सायकलचं दुकान होतं का? नाही हो बाप्पा, चांगली पगारी सरकारी नोकरी होती. धानाच्या चिखलातून जी हवा वर येते ती पेटीत कोंडायची, सिरिंजने ओढायची, बाटलीत बंद करायची आणि केंद्रावर नेऊन द्यायची. एवढं सांगेपर्यंत समोरच्याचा चेहरा असा होतो की पुढचं मी बोलतच नाही, सरळ चहा मागवतो.

आज मात्र दिवाळी अंकासाठी लिहा म्हणाले आहेत, तेव्हा चहावर भागणार नाही. नोकरीत कधी लागलो, बढती कधी मिळाली, असलं काही सांगत बसत नाही. ते वाचायचा मलाही कंटाळा येईल. एका बांधीची गोष्ट सांगतो. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घालून पाणी अडवलेला धानाचा तुकडा. आमच्याकडे शेतात उभा असतो तो धान आणि ताटात येतो तो भात. वाचकांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मी भद्रावतीचा. वडील माजरीच्या कोळशाच्या भुयारी खाणीत कामाला होते. त्यांच्यासाठी गॅस म्हणजे काळ. घरी आले की आई आधी त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि मग पाणी द्यायची. आणि त्यांच्याच पोराला नोकरी लागली ती गॅस गोळा करायची! ऐकून ते म्हणाले होते, "अबे, लोक गॅस पाहून पळतात अन् तू पेटी घेऊन त्याच्या मांगं पळून राह्यला?"  मी भात संशोधनाच्या एका केंद्रावर शेतसहायक होतो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, गडचिरोली चंद्रपुरापासून वेगळा जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि वरून एक नवं काम आलं होतं.

काम समजायला सोपं होतं. शेतकरी युरिया टाकतो. तो सगळाच काही पिकाच्या पोटात जात नाही. उभ्या पाण्यात फेकला की थोडा नाकात झोंबणारा वास होऊन उडतो, थोडा पाण्याबरोबर खाली जातो. जो मातीत उरतो त्यावर मातीतले जिवाणू ताव मारतात आणि त्यातून एक वायू निघतो, नायट्रस ऑक्साइड. हाच तो हास्यवायू, दात काढताना हुंगवतात तो. माती ओली, मग कोरडी, मग परत ओली झाली की हा जास्त सुटतो. पाणी सतत उभं राहिलं तर दुसराच वायू निघतो, मिथेन, म्हणजे आमच्या वडिलांचा वैरी. दोन्ही आभाळात जाऊन पृथ्वी तापवतात असं शास्त्रज्ञ तेव्हा नुकतं बोलू लागले होते. तर प्रश्न असा होता की युरिया कधी टाकला म्हणजे तो धानाला लागेल आणि हवेत कमी जाईल? किती टाकला याला महत्त्व आहेच, पण कधी टाकला याला त्याहून जास्त. बारशाच्या दिवशीच पोरापुढे पंगतीचं ताट वाढलं तर पोर काय खाणार? खातात ते पाहुणे.

आणि आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या मुलखात, रीत तीच होती. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, झाली की सगळा युरिया एकदम, उभ्या पाण्यात. हात मोकळा, डोकं मोकळं.

आमचे साहेब डॉ. देवस्थळी, पुण्याकडचे. माणूस हुशार, मनाने वाईट नाही, पण आकड्याचा भुकेला. त्यांनी कुरखेड्याच्या अलीकडचं एक गाव निवडलं. गावाला जुना मालगुजारी तलाव, त्याच्या पायथ्याशी एकाला एक लागून दोन बांध्या. वरची डोमाजीभाऊंची, खालची पारबताबाईंची. वरच्या बांधीत गावच्या रीतीने युरिया पडणार, खालच्या बांधीत हप्त्याहप्त्याने: थोडा रोवणीला, थोडा फुटवे आले की, शेवटचा धानाच्या पोटात लोंब धरायच्या वेळी. देताना आधी पाणी उतरवायचं, चिखलावर युरिया फेकायचा, आणि दोन दिवसांनी परत पाणी घ्यायचं. दोन्ही बांध्यांत आमची एकेक पारदर्शक पेटी. चिखलात लोखंडी चौकट रोवलेली, मोजायच्या वेळी तिच्यावर पेटी बसवायची आणि वरच्या रबरी बुचातून सुई घालून हवा ओढायची.

गावात बोलवा झाली की सरकार हवा नेऊन राह्यलं. बसच्या कंडक्टरने एकदा माझी बाटल्यांची खोकी उघडायला लावली.

"यात काय हाये?"

"हवा."

"अन् रिकाम्या बाटल्या कुठी हायेत?"

आता सांगा!

डोमाजीभाऊ साठीचे, आवाज पाटलासारखा, जीभ विळ्यासारखी. हास्यवायूचं त्यांना मीच सांगितलं, ही माझी चूक. त्यानंतर मी बांधावर दिसलो रे दिसलो की ते दुरूनच ओरडायचे, "का जी पेटीवाले, आज माहा धान किती हासला?" पारबताबाई त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. नवरा दम्याने ओसरीवर बसून असायचा, शेती हिच्याच अंगावर. बोलणं कमी, पण डोळे सगळीकडे. तलावाखालची ही एकच बांधी तिची. त्यातच घरचं वर्षाचं खाणं, बैलजोडीचं तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि पुढच्या सालाचं बी. बाकी तिच्याकडे टेकाडावरची पड जमीन होती, तिथे गवतही रडत उगवायचं.

बांधी आम्हाला का दिली, असं मी तिला विचारलं होतं. म्हणाली, "दर साली धान आधी काळाशार होते अन् मंग पिवळा पडते. काऊन पडते, ते पाहाचं हाये मले." आमच्या केंद्रावरच्या निम्म्या लोकांना तो प्रश्न पडला नव्हता.

श्रावणात डोमाजीभाऊंची बांधी हिरवीगार, आणि बाईंची फिकट. येणारा-जाणारा थांबून बघायचा. डोमाजीभाऊंना तर ऊतच आला. "पारबता, तुह्या धानाले कावीळ झाली वं! पेटीवाल्याले म्हण, दवाखान्यात ने." बाई ऐकून घ्यायची. पण एकदा निंदण करताना मान वर न करता मला म्हणाली, "साहेब, तुमी सांगून राह्यले म्हून मी थांबून राह्यली. चुकलं तं मले दुसरी बांधी नाई." मी म्हणालो, चुकणार नाही. असं आपण म्हणतोच हो. डॉक्टर म्हणतो, मास्तर म्हणतो. 

फुटव्यांचा हप्ता झकास पार पडला. पाणी उतरवलं, युरिया टाकला, आणि दुसऱ्या दिवशी असा पाऊस पडला की बांधी काठोकाठ. आठवड्यात धान उभारी धरून वर आला. डोमाजीभाऊ बांधावर आले, धानाचं एक पान बोटांत धरून पाहिलं आणि तसेच परत गेले. मी मनात म्हटलं, आता हासा.

मग पोळा झाला आणि पावसाने दडी मारली.

आता तलावाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यात आहे. तलावाच्या मातीच्या भिंतीत पाणी सोडायची जी दगडी वाट असते तिला तुडूम म्हणतात. पावसाळाभर ती बंद. पोळ्यानंतर पाऊस मागे सरला की गावाच्या मताने ती उघडायची आणि पाटाने पाणी पाळीपाळीने द्यायचं. ते वाटण्याचं काम पाणकराचं. त्या गावचा पाणकर सोमा, गोंड, काटकुळा, बोलायला अगदी मऊ. पण तुडुमावर त्याचा शब्द म्हणजे शब्द. पाटलालाही तो खाली मान घालून "नाई जी" म्हणायचा, आणि पाटील परत जायचा.

त्या वर्षी पहिली पाळी वरच्या बांध्यांची लागली. डोमाजीभाऊंची भरली, पारबताबाईंची भरली, आणि पाणी खालच्या शेतांकडे वळलं. त्याच आठवड्यात आमच्या वेळापत्रकात शेवटचा हप्ता होता. मी सांगितलं, बाई, पाणी उतरवायचं. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग फावडं घेतलं आणि बांधाचं तोंड फोडलं. बांधीचं पाणी खालच्या नाल्यात वाहून गेलं. संध्याकाळी तिने चिखलावर मुठीमुठीने युरिया फेकला. धानाच्या पोटात लोंब धरलेली होती. मी एक काडी चिरून तिला दाखवली, आत नखाएवढं पांढरं कापसासारखं. ती हसली. मी तिला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तिसऱ्या दिवशी पाणी मागायला आम्ही सोमाकडे गेलो. तो तुडुमाजवळ बसला होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाई जी. बाईनं पाणी सोडलं."

"सोडलं म्हणजे? परत घ्यायचंच होतं."

"सोडलं तं टाकलं," तो म्हणाला. "तलावाचं पाणी एकाचं नाई. मिळालेलं पाणी ज्यानं बांध फोडून जाऊ देल्लं, त्याले पुरलं असं समजाचं. आता शेवटच्या शेतापावेतो पाळी जाईन, मंग बाईची."

म्हणजे पंधरवडा तरी. वर आभाळ काचेसारखं स्वच्छ.

मी बाईंकडे वळलो. "तुम्हाला ही रीत माहीत होती?"

"माहित होती."

"मग बोलल्या का नाहीत?"

"मले वाटलं, सरकारी पेटी हाये. तिले कोन अडवन?"

आणि मला वाटलं होतं, गावचं पाणी गावची बाई जाणे. दोघांनी एकमेकांच्या भरवशावर बांध फोडला होता. तालुक्याच्या शिक्क्याचा कागद दाखवला की रस्ता मोकळा होतो हे तिने जन्मभर पाहिलं होतं. पण तुडुमावर कागद चालत नाही. सोमाला तर वाचताच येत नव्हतं, आणि येत असतं तरी काही फरक पडला नसता.

संध्याकाळी चावडीपुढे माणसं जमली. मी हात जोडून सगळं समजावलं. युरिया, लोंब, पेटी. कुणीतरी विचारलं, "पाणी फेकाचं होतं तं घेतलं कायले?" आणि मग डोमाजीभाऊ उभे राहिले. मला वाटलं, शेजारी आहेत, बाजू घेतील. ते म्हणाले, "आज पारबतेले देल्लं तं उद्या ज्याले-त्याले पाणी फेकाची सवय लागन. खालच्यांनी काय कराचं? रीत ते रीत." सगळ्यांनी माना हलवल्या. खोटं काय होतं त्यात? खालच्या शेतांतही माणसंच होती, त्यांचाही धान पाण्याची वाट पाहत होता. मला कुणावर रागावता येईना, आणि रागावल्याशिवाय तर माझं चालत नाही! घरी येऊन मी कंदिलाची काच फोडली.

बांधी वाळू लागली. आधी चिखलावर साय धरली, मग बारीक रेघा, मग भेगा. दुपारी धानाची पानं सुईसारखी गुंडाळायची, सकाळी दवाने थोडी उलगडायची. लोंब पोटात असताना धानाला ताण बसला तर दाणा भरत नाही, नुसतं पोचट फोलपट बाहेर पडतं. हे मला माहीत होतं आणि बाईला माझ्याहून जास्त. ती रोज सकाळी नाल्याच्या डबक्यातून गुंडाने, म्हणजे घागरीने, पाणी आणून बांधीच्या एका कोपऱ्यात ओतायची. एवढ्या मोठ्या बांधीत एक गुंड! मी म्हटलं, बाई, याने काय होणार? ती म्हणाली, "घरी बसून काय होते?" मीही एक गुंड उचलला.

आणि मी हवाही ओढत होतो, तेच माझं काम. बाटल्या केंद्रावर जात होत्या. तिथे नुकतं यंत्र बसलं होतं, त्यात हवा घातली की कागदावर डोंगर उमटायचे. सोमाने नाही म्हटल्यावर चौथ्या दिवशी जीप आली आणि त्यातून देवस्थळी साहेब जवळजवळ उडी मारून उतरले. एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"अहो, चढतंय! रोज चढतंय! युरिया मातीत आहे, पाणी उतरलंय, जमीन उघडी पडलीय. हे असं शेतात कुणी मोजलेलं मी तरी वाचलेलं नाही. अजिबात पाणी देऊ नका. शिखर येऊन खाली उतरू दे, मग बघू."

मी म्हटलं, "साहेब, पीक जातंय."

"एक बांधी जाईल. पण खत कधी द्यावं आणि पाणी कधी द्यावं हे आपण हजार बांध्यांना सांगू शकू. याचा विचार करा."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे आजही सांगतो.  बाई बाजूला गुंड घेऊन उभी होती. साहेब तिच्याकडे वळले आणि समजुतीने म्हणाले, "बाई, तुमचं नुकसान होऊ देणार नाही. जेवढा धान झाला असता तेवढा तांदूळ केंद्रातून तुमच्या घरी पोचवीन. माझा शब्द."

बाईने गुंड खाली ठेवला. "तांदूळ द्याल जी. तणीस?"

"तणीस?"

"बैल तांदूळ नाई खात. अन् बी? हा धान माह्या सासूच्या सासूपासून घरात हाये. तांदूळ पेरला तं उगवन का?"

 साहेब मला बाजूला घेऊन हलकेच म्हणाले, "दोन दिवस. फक्त दोन दिवस थांबवा यांना." तशीही थांबवायची गरज नव्हती. पाणी होतंच कुठे?

पाणी होतं. ते वरच्या बांधीत, डोमाजीभाऊंच्या धानात, बांधाच्या एका बाजूला टाचभर उभं होतं. आणि दुसऱ्या बाजूला हाताचा पंजा जाईल अशा भेगा. मधे फक्त एक बांध. मी त्याच दिवशी दुपारी डोमाजीभाऊंच्या घरी गेलो. ते खाटेवर बसून दोर वळत होते. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्यातलं थोडं पाणी खाली जाऊ द्या."

"अन् मंग माही पाळी? मी सोडलं तं मीही टाकलं. चावडीत मीच बोललो न?"

"हो, तुम्हीच बोललात."

ते दोर वळत राहिले. मी उठायला लागलो तर खाली बघूनच म्हणाले, "तुमच्या पेटीचं काय होईन? माह्या पाण्यात माहा युरिया हाये."

माणूस टिंगल करत होता, पण सगळं ध्यानात ठेवून होता. त्यांचं पाणी खाली आलं की त्यांचं खत खाली येणार. मग कुठल्या बांधीतून कशाची हवा निघाली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नव्हतं. दोन्ही पेट्यांचं काम संपलं असतं, आणि सगळ्या हंगामाचं मातेरं.

"पेटीचं मी बघतो," मी म्हणालो. काय बघणार होतो, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि साहेब बांधीवर पोचलो. मी चौकटीवर पेटी बसवली, सुई लावली. साहेब घड्याळ धरून उभे. पारबताबाई धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, बसली होती. तेवढ्यात वरून डोमाजीभाऊ आले, खांद्यावर फावडं. आमच्याकडे न बघता ते दोन बांध्यांच्या मधल्या बांधावर उभे राहिले आणि बाईला म्हणाले, "पारबता, माह्याच्यानं पाहवत नाई वं."

साहेबांना काय होतंय ते कळलं. "थांबा! अहो, थांबा. पेटी बंद आहे, माप चालू आहे. आणि हे पाणी या बांधीत येता कामा नये. दोन दिवस, भाऊ. मी हात जोडतो."

डोमाजीभाऊंनी फावडं अर्ध्यावर थांबवलं. ते माझ्याकडे बघू लागले. साहेब माझ्याकडे बघू लागले. बाईने नाही बघितलं. ती मातीकडे बघत होती, भेगेत बोट घालून.

माझ्या हातात सिरिंज होती. तुम्हाला वाटेल, अशा वेळी माणूस काही मोठा विचार करतो. छे! माझ्या डोक्यात एकच गोष्ट, की घरी दोन लहान पोरं आहेत आणि नोकरी अजून कायम झालेली नाही. मी सुई उपटली. दोन्ही हातांनी पेटी चौकटीवरून उचलली आणि धुऱ्यावर आणून ठेवली. कोंडलेली हवा गेली आभाळात.

"काय केलंत हे?" साहेब म्हणाले.

"साहेब, बाईंनी आपल्या शब्दावर पाणी सोडलं होतं."

डोमाजीभाऊंचं फावडं बांधात घुसलं. पाणी आधी धुळीत जिरलं, मग भेगांत शिरलं, आणि भेगांतून बुडबुडे निघू लागले, फुसफुस आवाज करत. साहेब त्या बुडबुड्यांकडे असे बघत होते की मला त्यांची खरंच दया आली. तेही मोजता आलं असतं ना! ते फक्त म्हणाले, "दोन्ही बांध्या गेल्या," आणि जीपकडे चालू लागले. मागून बाईचा आवाज आला, "साहेब, च्या पिऊन जा जी." ते थांबले नाहीत.

मला लेखी जाब विचारला गेला आणि उरलेला हंगाम मी भांडारात पोती मोजत काढला. नोकरी गेली नाही. साहेबांनी मनात आणलं असतं तर घालवता आली असती, पण त्यांनी आणलं नाही. त्याबद्दल मी कधी त्यांचे आभार मानले नाहीत याची खंत आहे. दुसरी खंत त्या मापाची. पुढे बरीच वर्षं शेतकऱ्यांच्या बैठकांत मी सांगत आलो की युरिया हप्त्याने द्या, आणि पाणी परत मिळायची खात्री असेल तरच बांधी उतरवा, नाहीतर खत हवेत जातं. लोक विचारायचे, किती जातं? त्या बांधीचा आकडा माझ्याजवळ असायला हवा होता. तो मीच उचलून धुऱ्यावर ठेवला.

गावात सोमाने डोमाजीभाऊंनाही सोडलं नाही. ज्या दिवशी पाळी परत वर आली, तो त्यांना म्हणाला, "नाई जी, तुमी सोडलं." डोमाजीभाऊ फावडं खांद्यावर टाकून परत गेले. स्वतःच बांधलेल्या खुंट्याला कोण शिंगं मारणार? परतीचा पाऊस आला, पण त्यांच्या धानासाठी तो उशिरा आला.

कापणीच्या दिवसांत साहेबांनी मला भांडारातून बोलावलं. म्हणाले, हवेचं तर गेलंच, निदान खालच्या बांधीत धान किती झाला ते तोलून आणा. काटा घेऊन मी बसने गेलो. सकाळचं ऊन होतं. पारबताबाईची बांधी पिकून वाकली होती, दाणा असा टपोरा की मी काही वेळ नुसता उभा राहिलो. पण बांधी अर्धीच कापलेली, आणि मधे काठ्या रोवून दोर बांधलेला. दोराच्या अलीकडे बाई कापत होती. पलीकडे डोमाजीभाऊंची बायको आणि सून. डोमाजीभाऊ स्वतः वरच्या बांधावर आमच्याकडे पाठ करून बसले होते.

"बाई, मला सगळ्या बांधीचं वजन करायचं आहे."

"करा न. दोरापावेतो माहं. तिकडलं डोमाजीभाऊचं."

"त्यांचं? ते कसं काय?"

"पाणी त्याचं, खत त्याचं. त्याचा धान पोचट निंगला."

वरून पाठमोराच आवाज आला, "म्या मांगतलं नाई हो साहेब! तिले सांगा. म्या नाई म्हून सांगतलं."

"तुमी मांगाची मी वाट पाहाची का?" बाई म्हणाली आणि पुढची पेंढी बांधली.

मी हळूच म्हणालो, "बाई, अर्ध्यात तुमचं वर्ष कसं निघेल?"

तिने कंबर सरळ केली, घाम पुसला आणि माझ्याकडे बघितलं. "अर्धं तं हाये जी. ते पाणी नसतं आलं तं काय खाल्लं असतं, तुमची हवा?"

वरती डोमाजीभाऊंना हसू फुटलं, खोकल्यासारखं. मग बाईही हसली. मला हसावं की काय करावं ते कळेना. मी काटा धुऱ्यावर ठेवला, तिच्याकडून विळा मागून घेतला आणि दोराच्या पलीकडे, डोमाजीभाऊंच्या बाजूला कापायला वाकलो.